सुपरहिरोची खरी परीक्षा सोमवारी असते: फॅन्सचा उत्साह, 'मुंज्या' आणि तिकीटबारीचं गणित

७ जून २०२४ रोजी 'मुंज्या' प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्यासाठी कुणी रात्र जागवली नव्हती. शर्वरी, अभय वर्मा आणि मोना सिंग हे प्रमुख कलाकार. पोस्टरवर एकही 'खान' नाही. भूतही कोकणातलं, पिंपळावर राहणारं आणि लग्नाचा हट्ट धरून बसलेलं. पहिल्या दिवशी देशभरातून निव्वळ कमाई झाली चार कोटींच्या आसपास. पण सिनेमा पडद्यावरून हटेचना. शेवटी आकडा शंभर कोटींच्या पुढे गेला, म्हणजे पहिल्या दिवसाच्या साधारण पंचवीस पट.

आता दुसरा सिनेमा घ्या. २१ ऑक्टोबर २०२५, दिवाळी. 'थामा' प्रदर्शित झाला. आयुष्मान खुराना, रश्मिका मंदाना, नवाजुद्दीन सिद्दीकी, परेश रावल. दिग्दर्शक तेच, 'मुंज्या'वाले आदित्य सरपोतदार. निर्माते तेच, दिनेश विजान यांची मॅडॉक फिल्म्स. कथाविश्वही तेच. पहिल्या दिवशी सुमारे २४ कोटी आले. सिनेमा थांबला सव्वाशे कोटींच्या थोडा पुढे, म्हणजे पहिल्या दिवसाच्या पाच-सहा पट.

एकूण आकड्यात 'थामा' पुढेच आहे. पण ज्याची कुणी वाट पाहत नव्हतं तो सिनेमा पंचवीस पट चालला आणि ज्याची सगळे वाट पाहत होते तो सहा पटींच्या आत थांबला. सुपरहिरो सिनेमांच्या मालिका का टिकतात आणि का थकतात, हे समजून घ्यायला यापेक्षा जवळचं उदाहरण मराठी माणसाला मिळणार नाही.

मुंज्या हा सुपरहिरो सिनेमा कसा?

रूढ अर्थाने नाहीच. केप नाही, मुखवटा नाही. पण मॅडॉकने २०१८ च्या 'स्त्री'पासून जे उभं केलं त्याचा साचा मार्व्हलचा आहे. प्रत्येक सिनेमाची गोष्ट वेगळी आणि पात्रं एकाच जगातली. एकाच्या सिनेमात दुसऱ्याने डोकावून जायचं. नावं सरकून झाली की शेवटी एक छोटा प्रसंग आणि त्यात पुढच्या सिनेमाची चाहूल. 'मुंज्या'च्या शेवटी वरुण धवनचा 'भेडिया' येतो तो असाच. अंगात अचाट ताकद असलेली पात्रं हळूहळू एकमेकांना भेटतात आणि मोठ्या लढाईची तयारी करतात. अव्हेंजर्सचंही हेच होतं, फक्त तिथे पिंपळ नव्हता.

या पद्धतीचं बळ 'स्त्री २'ने दाखवलं. १५ ऑगस्ट २०२४ चा हा सिनेमा देशात सहाशे कोटींच्या जवळ गेला. 'मुंज्या' त्याच्या दोन महिने आधी आला होता. कोकणातलं भूत आणि चंदेरीतली स्त्री एकाच घरातली आहेत हे तोपर्यंत प्रेक्षकांना कळून चुकलं होतं.

उत्साहाला एवढा भाव का?

थिएटर भरलं म्हणजे निर्माता श्रीमंत झाला, असा सरळ हिशेब नसतो. समजा, तुम्ही २३६ रुपयांचं तिकीट काढलं. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे. तो गेला की उरतात २०० रुपये. बातम्यांत 'नेट कलेक्शन' म्हणून येतं ते हे. 'ग्रॉस' म्हणजे करासकटचा आकडा. सोशल मीडियावरच्या अर्ध्या भांडणांत एक जण ग्रॉस सांगत असतो आणि दुसरा नेट, आणि दोघेही बरोबर असतात.

हे २०० रुपये थिएटर आणि वितरक वाटून घेतात. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा वाद झाला होता. दोन महिने नवे हिंदी सिनेमेच आले नाहीत. त्यानंतर जे सूत्र ठरलं त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यात ३० टक्के असा उतरत जातो. सिनेमागणिक अटी बदलतात, पण उतरता क्रम राहतो. म्हणजे तुमच्या २०० रुपयांतले पहिल्या आठवड्यात १०० पुढे जातात आणि चौथ्या आठवड्यात ६०.

फॅन्सना एवढं चुचकारलं जातं ते यामुळे. टीझर, मग टीझरची तारीख सांगणारा टीझर, मध्यरात्रीचे शो, 'स्पॉयलर देऊ नका' ही विनंती, हा सगळा खटाटोप पहिल्या आठवड्यातला महागडा रुपया गोळा करण्यासाठी असतो. फॅन कोणत्याही परीक्षणाची वाट न पाहता येतो आणि सर्वांत जास्त वाटा देऊन जातो.

पण फॅन्सची संख्या ठरलेली असते. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत ते येऊन जातात. सोमवारी कामाच्या दिवशी तिकीट काढतो तो माणूस वेगळा असतो. त्याला शेजाऱ्याने सांगितलेलं असतं, मुलांनी हट्ट धरलेला असतो किंवा बऱ्याच दिवसांत थिएटरला गेलो नाही एवढंच कारण असतं. धंद्यात याला 'मंडे टेस्ट' म्हणतात. फॅन सिनेमाचं उद्घाटन करतो, पण मालिका चालते ती या दुसऱ्या माणसावर.

गृहपाठ वाढला की वर्ग रिकामा होतो

भारतात फॅन्सच्या उत्साहाचा कळस कुठला, तर २६ एप्रिल २०१९, 'अव्हेंजर्स: एंडगेम'. ॲडव्हान्स बुकिंग सुरू झाल्यावर साधारण दिवसभरात बुक माय शोवर दहा लाख तिकिटं गेली. पहिल्या दिवशी ५३ कोटी आणि पहिल्या तीन दिवसांत दीडशे कोटींच्या वर. शेवटी साडेतीनशे कोटींच्या पुढे. जगभरात २७९ कोटी डॉलरहून अधिक. अकरा वर्षं आणि बावीस सिनेमे यांची सांगता त्यात होती. बाविसापैकी चारच पाहिलेला प्रेक्षकही त्या गर्दीत होता, कारण शेवट काय होतो हे सगळ्यांनाच बघायचं होतं.

त्यानंतर मार्व्हलने कारखाना थांबवायच्या ऐवजी पाळ्या वाढवल्या. सिनेमे होतेच, त्यात डिस्ने प्लसवरच्या वेब मालिका आल्या. २०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'ने जगभरात ११३ कोटी डॉलर कमावले होते. तिचा पुढचा भाग, 'द मार्व्हल्स', नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. त्यातल्या तीन नायिकांपैकी दोघींची ओळख पटायला दोन वेब मालिका पाहिलेल्या असणं सोयीचं होतं. कमाई झाली सुमारे २०.६ कोटी डॉलर. अमेरिकेत दुसऱ्या वीकेंडला ती ७८ टक्क्यांनी घसरली. फॅन येऊन गेला, सोमवारचा माणूस आलाच नाही.

प्रमाण जास्त झाल्याने लक्ष विखुरलं गेलं, हे डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी नंतर उघड मान्य केलं. २०२४ मध्ये वर्षाला जास्तीत जास्त तीन सिनेमे अशी मर्यादाही त्यांनी जाहीर केली. त्याच वर्षी 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने १३३ कोटी डॉलर मिळवले, म्हणून 'सुपरहिरो संपले' ही ओरडही खरी नव्हती. पण २०२५ मधले मार्व्हलचे तिन्ही सिनेमे मिळूनही 'डेडपूल'च्या पुढे जात नाहीत.

ट्रेलरचे आकडे या बाबतीत फसवतात. ट्रेलर पाहायला पैसे पडत नाहीत आणि घरातून उठावंही लागत नाही. एकच माणूस तो दहा वेळा पाहतो, थांबवून-थांबवून कोपऱ्यातलं चिन्ह शोधतो, त्यावर व्हिडिओ करतो. उत्साह खरा असतो. फक्त त्या दहा व्ह्यूजमागे तिकीट एकच असतं.

'बाजी' आठवतोय?

मराठीत हा प्रयोग झालेला आहे. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी निखिल महाजन दिग्दर्शित 'बाजी' आला. श्रेयस तळपदे मुखवटा घालून घोड्यावर, समोर खलनायक मार्तंडच्या भूमिकेत जितेंद्र जोशी, सोबत अमृता खानविलकर. मराठीतला सुपरहिरो म्हणून त्याची जाहिरात झाली. कल्पना चांगली होती: गावाच्या आठवणीत जिवंत असलेला एक जुना वीर आणि त्याचं आजच्या काळात परत येणं. पण तिकीटबारीवर तो चालला नाही आणि दुसरा 'बाजी' काही आला नाही.

त्या दिवशी अमिताभ बच्चन आणि धनुष यांचा 'शमिताभ' पडद्यावर होता. पुढच्याच शुक्रवारी, व्हॅलेंटाइन डेच्या तोंडावर, स्वप्नील जोशी-सोनाली कुलकर्णी यांचा 'मितवा' आला आणि मराठी प्रेक्षक तिकडे वळला. 'बाजी'ला सोमवार गाठायला मिळाले ते असे. मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम शो देण्याचा राज्य सरकारचा निर्णय त्यानंतर दोन महिन्यांनी, एप्रिल २०१५ मध्ये आला. आधी सायंकाळी सहा ते नऊ ही वेळ सांगितली गेली. मग बराच गदारोळ झाला आणि ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. सोमवारी दुपारी साडेबाराच्या शोला कोण जाणार, हा प्रश्न तेव्हाही होता.

आणखी एक अडचण दरांची. किराणा दुकानात पाच रुपयांचा आणि पन्नास रुपयांचा बिस्किटपुडा शेजारी-शेजारी असतो. थिएटरमध्ये तसं नसतं. पस्तीस कोटी डॉलर खर्चून केलेला 'एंडगेम' आणि काही कोटी रुपयांत केलेला मराठी ॲक्शनपट जवळपास त्याच दराच्या खुर्चीवर बसून पाहायचा असतो. विनोदी किंवा कौटुंबिक सिनेमात हा फरक पडद्यावर दिसत नाही. उडी मारणाऱ्या नायकात तो पहिल्याच उडीला दिसतो.

२०१७ चा 'फास्टर फेणे' तर यापेक्षा सोपा असायला हवा होता. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीचा, अमेय वाघ लोकप्रिय, रितेश देशमुखची निर्मिती आणि दिग्दर्शक पुन्हा आदित्य सरपोतदारच. मालिकेसाठी पुस्तकांचा ढीग तयार होता. तरी दुसरा भाग पडद्यावर आलेला नाही. सरपोतदारांनी पुढे 'झोंबिवली'त डोंबिवलीत झोंबी आणले आणि मग मुंज्याला घेऊन ते हिंदीत गेले. मराठी मातीतलं भूत देशभर चाललं, पण हिंदी बोलत. मराठी सिनेसृष्टीने यावर अभिमानाने पोस्ट टाकाव्यात की थोडं अस्वस्थ व्हावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

गंजाडचा प्रेक्षक कुठे मोजला जातो?

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातलं गंजाड हे वारली चित्रांमुळे जगाला माहीत झालेलं गाव. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे इथलेच. इथल्या एखाद्या पोराच्या मोबाइलवर स्पायडरमॅन आणि पुण्यातल्या पोराच्या मोबाइलवरचा स्पायडरमॅन यांत काही फरक नाही. रील तेच, मीम तेच, पार्श्वसंगीत तेच.

फरक पडतो तो तिकीट काढताना. मोठ्या मल्टिप्लेक्ससाठी दक्षिणेला विरार-वसई किंवा उत्तरेला गुजरातमधलं वापी. गंजाडहून आधी डहाणू रोड स्टेशन गाठायचं. तिथून विरार रेल्वेने सुमारे ६४ किलोमीटर. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल आली तीच मुळी २०१३ मध्ये, आणि तिच्या फेऱ्या मोजक्या. रात्रीचा शेवटचा शो पाहून परतणं अवघड. चौघांच्या कुटुंबाला सिनेमाची तिकिटं, प्रवास आणि खाणं मिळून एका दिवसाची मजुरी पुरत नाही. असा प्रेक्षक वर्षातून एक-दोनदा थिएटरला जातो आणि तेव्हा जोखीम घेत नाही. शेजारच्या चौघांनी 'बघाच' म्हटलेला सिनेमा तो निवडतो. म्हणजे तो पहिल्या शुक्रवारचा नसून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचा प्रेक्षक असतो, आणि तोवर सिनेमा पडद्यावर असावा लागतो.

गंमत म्हणजे, तो विरारला गेला काय किंवा वापीला, धंद्याच्या वहीत तो एकाच खात्यात पडतो. सिनेमा वितरणाचे जुने विभाग राज्यांच्या सीमा मानत नाहीत. 'मुंबई सर्किट'मध्ये मुंबईसह महाराष्ट्राचा मोठा भाग येतो आणि गुजरातही. विदर्भ मात्र 'सीपी बेरार'मध्ये आणि मराठवाडा निजामाच्या खात्यात. संस्थानं गेली, प्रांत गेले, पण तिकीटबारीवर ते अजून आहेत. त्यामुळे 'मुंबईत सिनेमा जोरात' ही बातमी वाचताना त्यात सुरतही आहे हे लक्षात ठेवलेलं बरं.

भाषेचाही प्रयत्न झालाय. जून २०२३ मध्ये 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला आणि त्यांत मराठी होती. त्यातला भारतीय स्पायडरमॅन, पवित्र प्रभाकर, मूळच्या कॉमिकमध्ये मुंबईत राहतो. पण ज्याला हिंदी सहज कळतं त्याच्यासाठी मराठी डबिंग हे थिएटरला जायचं नवं कारण ठरत नाही.

लोककथांच्या बाबतीत या भागाकडे काही कमी नाही. वारल्यांचा वाघदेव आहे, हिरवा आहे, लग्नचौकातली पालघाट आहे. 'मुंज्या' चालल्यावर अशा गोष्टींकडे निर्मात्यांचं लक्ष जाणं साहजिक आहे. फक्त हे देव आजही पुजले जातात. त्यांना पोस्ट-क्रेडिट सीनमध्ये आणण्याआधी गावाला विचारावं लागेल, आणि विचारणं म्हणजे केवळ 'विशेष आभार' नव्हे.

गृहपाठ चौथीतच झालेला

मराठीत सलग चाललेली मोठी मालिका शोधायची तर ती सुपरहिरोची नाही. दिग्पाल लांजेकर यांचं 'शिवराज अष्टक' म्हणजे 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२), 'सुभेदार' (२०२३). शिवाजी महाराज हे इतिहासपुरुष आहेत, त्यांना सुपरहिरोच्या रांगेत बसवायचं कारण नाही. पण धंद्याच्या अंगाने पाहिलं तर ही आठ भागांची आखलेली मालिका आहे, आणि ती टिकण्यामागे एक गोष्ट मार्व्हलकडे नसलेली आहे. प्रेक्षकाचा गृहपाठ इयत्ता चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात आधीच झालेला आहे. 'फर्जंद' न पाहिलेला माणूस 'पावनखिंड'ला बसू शकतो. बाजीप्रभूंचं काय होणार हे त्याला ठाऊक असतं, तरी तो येतो, आणि सोमवारीही येतो.

या मालिकेने उत्साहाची दुसरी बाजूही दाखवली. महाराजांची भूमिका करणारे चिन्मय मांडलेकर यांच्या मुलाच्या नावावरून सोशल मीडियावर कुटुंबाला ट्रोल केलं गेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी यापुढे ही भूमिका करणार नाही असं जाहीर केलं. सहा वर्षं ज्या चेहऱ्यावर मालिका उभी राहिली तो चेहरा थिएटर रिकामं पडल्यामुळे गेला नाही. तो गेला कमेंट्समुळे. फॅन्स मालिका वाढवतात हे सगळेच सांगतात, पण पडद्यामागच्या माणसांना ती नकोशी करण्याची ताकदही त्यांच्याकडेच असते.

केरळने काय केलं?

मराठीच्या मापाचं उदाहरण हवं असेल तर 'लोका: चॅप्टर १ – चंद्रा' पाहा. ऑगस्ट २०२५ चा हा मल्याळम सिनेमा. कल्याणी प्रियदर्शन सुपरहिरो, दिग्दर्शक डॉमिनिक अरुण, निर्माता दुलकर सलमान. खर्च तीस कोटींच्या घरात. मुळाशी कळियांकाट्टु नीली या यक्षीची लोककथा, जी केरळात सगळ्यांना माहीत आहे. जगभरातली कमाई तीनशे कोटींच्या पुढे गेली आणि मल्याळममध्ये हे पहिल्यांदाच घडलं. हा मालिकेचा पहिलाच भाग, त्यामुळे आधी काहीही पाहून यायची गरज नव्हती. ओळखीची दंतकथा, आवाक्यातला खर्च आणि मोकळं दार. 'मुंज्या'कडेही हेच तीन होते. 'बाजी'कडे दंतकथा नव्याने रचलेली होती. ती प्रेक्षकांच्या तोंडी रुळायला वेळ लागला असता, आणि तो वेळ त्याला मिळाला नाही.

मॅडॉकने जानेवारी २०२५ मध्ये २०२८ पर्यंतच्या आठ सिनेमांची यादी जाहीर केली. तिच्यात 'भेडिया २' आहे, 'स्त्री ३' आहे आणि शेवटी दोन महायुद्धं आहेत. तारखा पुढे-मागे व्हायला सुरुवातही झाली आहे. त्या यादीत २४ डिसेंबर २०२७ या तारखेला 'महा मुंज्या' आहे. पहिला 'मुंज्या' चालला तेव्हा तो पाहायला आधीचा एकही सिनेमा माहीत असावा लागत नव्हता. दुसऱ्याच्या आधी या विश्वातले निदान नऊ सिनेमे येऊन गेलेले असतील.